‘यु’ची गाणी आणि मागची रांग

जपानमधल्या एका खिंडीतल्या रस्त्यावर गाड्यांची रांग अडकून तीन तास झाले, तेव्हा सहलीच्या बसमधल्या गाईड मिओरीने माइक हातात घेतला आणि गाण्यांचा खेळ लावला. अक्षर निघालं ‘यु’.

“‘यु’ नको गं बाई!” पहिल्या रांगेतून यासुए-सान ओरडल्या. “‘यु’ म्हटलं की निम्मी गाणी युकीची, बर्फाची. बाहेर दिसतोय तेवढा बर्फ पुरे.”

“उरलेली निम्मी युमेची,” शेवटच्या रांगेतून तोयो-सानचा खणखणीत आवाज आला. “स्वप्नांना तर तुझी हरकत नाही ना?”

“तुझी स्वप्नं मेली मासळीची!”

अकराच्या अकरा म्हाताऱ्या हसल्या. एकाच बंदरगावातलं हे मंडळ, गरम पाण्याच्या झऱ्यांवर दोन रात्री राहून परत निघालेलं. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर सगळं पांढरं होतं आणि पुढे कुठेतरी आडवा झालेला ट्रक अजून हलत नव्हता.

खेळाचा नियम साधा. ज्याची पाळी असेल त्याने पाच टाळ्यांच्या आत त्या अक्षराने सुरू होणाऱ्या गाण्याचं नाव सांगायचं आणि एक ओळ म्हणायची. मिओरीच्या वहीत गाणी अक्षरांप्रमाणे लावलेली होती. सांगितलेल्या गाण्यापुढे ती किती टाळ्या झाल्या तो आकडा टाकत असे. हे काही कंपनीने शिकवलेलं नव्हतं, तिचाच चाळा होता. कोणत्या वयाला कोणतं गाणं पटकन आठवतं ते तिला बघायला आवडायचं.

तोयो-सान चौऱ्याऐंशीच्या. पहिल्या फेरीत दुसऱ्याच टाळीला त्यांनी ‘युनोमी फुतात्सु’ म्हणून टाकलं आणि चहाच्या दोन पेल्यांची ती ओळ अशी लांबवली की ड्रायव्हर कुमागाईसुद्धा मान डोलवायला लागला.

कुमागाई दर वीस मिनिटांनी फावडं घेऊन उतरायचा आणि बसच्या मागचं धुराचं नळकांडं मोकळं करून यायचा. बस जुनी, पेट्रोलवरची. हीटर चालू ठेवायचा तर इंजिन चालू ठेवणं भाग होतं. अडीच वाजता पुढच्या गाडीवाल्याने त्याला हाक मारली, चाक रुतलं होतं.

“वीस मिनिटांत आलो,” तो मिओरीला म्हणाला. “तोवर ही खिडकी बोटभर उघडी ठेव.”

तो गेला. दोनच मिनिटांत यासुए-साननी मान चोळली. “गाईड-सान, वारा थेट मानेवर येतोय बघ. तेवढी फट लावतेस?”

पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. मिओरीने वाकून माफी मागितली आणि खिडकी लावली.

दुसरी फेरी सुरू झाली. यासुए-साननी दुसऱ्या टाळीला गाणं दिलं. मधल्या रांगांना चार-चार टाळ्या लागल्या. शेवटून दुसऱ्या रांगेतल्या दोघींनी पाचही टाळ्या घालवल्या, मग “राहू दे बाई, आठवत नाही,” म्हणून हात हलवला. तोयो-सानची पाळी आली. त्यांचे हात टाळीसाठी वर आले ते एकमेकांना भिडलेच नाहीत. गाल गुलाबी झाले होते. त्या हसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

“डब्याबरोबर प्यालेली साके चढली,” यासुए-सान कुजबुजल्या.

मिओरीने माइकचा आवाज कमी केला. पाहुण्यांचा डोळा लागला की गाईडने गप्प व्हायचं, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. पाहुणे झोपले तर समज, तुझं काम चांगलं झालं, असं शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या. आपलं काम चांगलं झालं असं तिलाही वाटलं. ती जागेवर बसली, कपाळ जड झालं होतं म्हणून दोन बोटांनी दाबलं, आणि वही उघडली.

पहिल्या फेरीचे आकडे कसेही पडले होते. दोन, पाच, एक, तीन, दोन. दुसऱ्या फेरीचे तसे नव्हते. पुढून मागे गेलं की ते वाढत होते. दोन, तीन, चार, चार, मग नुसत्या रेघा. मागे बसल्याने कुणी गाणी विसरत नाही. आणि तोयो-सान तर सगळ्यांत चलाख होत्या.

तिने मान वर केली. शेवटच्या रांगेतल्या तिघी झोपल्या होत्या. त्यांच्या पुढच्या दोघीही. त्यांच्या पुढच्या रांगेत एकीची मान हळूहळू खाली येत होती. भरतीचं पाणी पायरी-पायरीने चढावं तशी झोप मागून पुढे येत होती.

मिओरीने घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं. कुमागाईला जाऊन पस्तीस मिनिटं झाली होती. मागच्या काचेचा खालचा अर्धा भाग बर्फाने झाकला गेला होता.

म्हणजे धुराचं नळकांडं केव्हाच गाडलं गेलं होतं. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, हे तिला पाठ होतं. परीक्षेत तिने ते लिहिलंही होतं.

ती ड्रायव्हरच्या जागेवर जवळजवळ पडलीच. किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं आणि बसमध्ये अशी शांतता पसरली की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. दार उघडलं तसा बर्फाचा लोट आत आला.

“अगं, वेड लागलं का? थंडीने मारतेस आम्हाला!” यासुए-सान ओरडल्या.

“गप्प बसा आणि खिडक्या उघडा! सगळ्या!”

कुठल्याच गाईडने यासुए-सानना आजवर असं सुनावलं नव्हतं. मग मिओरीचा चेहरा बघून त्या उठल्या आणि दोन्ही हातांनी खिडक्या ओढत सुटल्या.

मिओरी आसनं धरत मागे गेली. जी दिसेल तिला ती हलवत होती. एक कण्हली, दुसरी म्हणाली, “डोकं फुटतंय गं. मघापासून दुखतंय, पण तुला कशाला त्रास, म्हणून बोलले नाही.” तोयो-सान हलल्या नाहीत.

“तोयो-सान. तोयो-सान!” तिने खांदे धरून गदागदा हलवलं. मान एका बाजूला घरंगळली. तिने एक थोबाडीत दिली, मग दुसरी. “ऊठ! ए, ऊठ म्हणते ना! झोपायचं नाही!”

चौऱ्याऐंशी वर्षांच्या पाहुण्याला ती अरे-तुरे करत होती आणि तिला त्याचं भानही नव्हतं. काखेत हात घालून तिने त्यांना ओढायला घेतलं. यासुए-साननी पाय उचलले. आसनांमधल्या चिंचोळ्या वाटेत दोघी दोनदा आपटल्या. दाराच्या पायरीवर त्यांना आडवं केलं, तोंड बाहेरच्या हवेत. मिओरीने नाकाजवळ गाल नेला. वारा इतका होता की श्वास त्यांचा की वाऱ्याचा ते कळेना. मग तिने छातीवर तळहात ठेवला आणि मोजलं. एक. खूप वेळाने दोन.

“गेली का गं?” यासुए-सान रडत होत्या. “मीच खिडकी लावायला सांगितली. माझ्या मानेपायी.”

“लावली मी,” मिओरी म्हणाली. “त्यांचे हात चोळा. बोलत राहा. काहीही बोला.”

“ए तोयो, ऊठ की गं! माझ्याशी भांडायला कोण आहे आता?”

कुमागाई बर्फातून धावत आला. दारातलं दृश्य बघून तो पांढराफटक पडला, मागे वळला आणि फावडं मारू लागला. फावड्याचे आवाज येत राहिले. मिओरी श्वास मोजत राहिली. अकरा. बारा. एकोणिसाव्या श्वासाला तोयो-सान खोकल्या, वळल्या आणि पायरीवरच ओकल्या.

“मला कुणी मारलं?” त्यांनी पुटपुटत विचारलं.

“मी.”

“तुझ्या कंपनीला पत्र लिहिते.”

“लिहा. पण आधी तुमचा पत्ता सांगा.”

तोयो-साननी गावाचं नाव घेतलं, मग गल्ली सांगितली. बरोबर का, म्हणून मिओरीने यासुए-सानकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसत मान हलवली. नाही. ते तोयोच्या माहेरचं घर होतं, साठ वर्षांपूर्वीचं.

मिओरीने आपला कोट काढून त्यांच्या अंगावर घातला. तिची बोटं बधिर झाली होती. “परत सांगा,” ती म्हणाली. दुसऱ्यांदाही माहेरच आलं. तिसऱ्यांदा तोयो-साननी कपाळ चोळलं.

“चौथी गल्ली,” त्या शेवटी म्हणाल्या. “मासळी बाजाराच्या मागे. सतरा नंबर.”

यासुए-साननी तोंडावर हात धरला आणि होकारार्थी मान हलवली. मिओरी उठली आणि पुढच्या बाईला तिचा पत्ता विचारायला आत गेली.