चार काळे सॉकेट

मिस्तरीची बायको गाडीखाली होती, तिच्या हातात बोल्ट सोडवायची हवेची गन होती, आणि ट्रेमधली सॉकेटांची मागची ओळ विस्कटलेली होती. ते पाहिलं आणि मिस्तरीच्या पाचावर धारण बसली.

गॅरेजात नियम एकच, आणि तोही तिनेच घालून दिलेला. बोल्टवर बसवायचा सॉकेट चकचकीत असेल तर हाताला, काळा असेल तर गनला. मान वळणारा क्रोमचा सॉकेट सडपातळ, अडचणीतल्या बोल्टपर्यंत बरोबर पोचणारा, पण स्वभावाने कडक. गनचे धक्के बसले की तो फुटतो, आणि तुकडा कोणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नाही. काळा इम्पॅक्टचा जाडजूड आणि सोशिक, घरातल्या थोरल्या सुनेसारखा.

मागच्या महिन्यात टॅक्सीवाल्यांचा तपासनीस येणार होता. काळ्या सॉकेटांचा पूर्ण संच असेल तरच आमच्या गाड्या दुरुस्तीला मिळतील, असं त्याने कळवलेलं. संच अपुरा होता. मिस्तरीने अक्कल चालवली, चार क्रोमचे सॉकेट घासले आणि काळे रंगवून टाकले. काम मिळालं. बायकोने कौतुक केलं, तेव्हा हा शहाणा नवे आणलेत म्हणून सांगून बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची! ते चार मागच्या ओळीत ठेवू आणि आपण हातानेच वापरू, तिला कशाला कळतंय, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. आणि बायको तर रंग बघूनच सॉकेट उचलणार.

गन घुरघुरली. त्याने हाक मारली, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात त्याची हाक त्यालाच ऐकू आली नाही. गाडीखालून तिचा चेहरा दिसत होता, बोल्टपासून जेमतेम वीतभर. गॉगल कपाळावर चढवलेला. तो धावला आणि त्याने हवेची नळी उपसून काढली.

ती घसरत बाहेर आली. "नळी का काढलीत? दोनच बोल्ट राहिले होते."

"सॉकेट दे."

"आधी सांगा काय झालंय."

त्याने गनवरचा सॉकेट काढून घेतला. पान्याच्या टोकाने तो खरवडला. काळा पापुद्रा सुटला आणि खाली चांदीसारखं लखलखलं. सांध्यापाशी केसाएवढी चीर गेली होती. तिने सॉकेट हातात घेतला आणि ती चीर बोटाने चाचपली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला सांगायला हवं होतं."

"असे किती आहेत?"

"चार."

तिने ट्रे उपडा केला. दोन सापडले. एक तिच्या हातात होता. चौथा नव्हता.

"सकाळी दादा एक मागून घेऊन गेला. मीच दिला त्याला. गनला चालेल म्हणून सांगितलं."

तिच्या भावाचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिने फोन लावला. तिसऱ्या घंटीला त्याने उचलला.

"बोल गं, पण लवकर. गिअरबॉक्सखाली आडवा झालोय."

"दादा, तो सॉकेट..."

"झकास आहे. बारीक जागेत काय सुरेख जातो. थांब जरा, एवढा बोल्ट काढतो आणि बोलतो."

फोन त्याने जमिनीवर ठेवला असावा. गन सुरू झाली. ती दादा, दादा म्हणून ओरडत राहिली आणि मिस्तरी अनवाणीच रस्त्याने पळत सुटला.

तो पहिल्या गल्लीच्या तोंडाशी असेल, तेव्हा तिच्या कानाशी गन एकाएकी थांबली. ती वाट पाहत राहिली. दादा काही बोलला नाही.