बूच लावलेली पिशवी

मित्रांनो, माझं तोंड अरुंद, पोट मोठं आणि अंग लाल रबराचं. मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. साच्यातून निघाले तेव्हा अंगाला इतका वास यायचा, की औषधांचा दुकानदारही मला हातभर लांब ठेवायचा. थोरलीला पाळी आली की पोट शेकायला हवी, म्हणून आईने मला घरी आणलं. शेकून झालं की मला रिकामी करून उलटी टांगायची, असा घरचा नियम. उलटं लटकलं की प्रश्न फार पडतात.

पुढे धाकटीलाही मी लागू लागले. तिला पाळी आलेली नव्हती. तरी थोरलीच्या आगेमागेच तिचंही पोट दुखे. दोघींत माझी ओढाताण होई. थोरली म्हणे, ही माझी नक्कल करते, शाळा बुडवायचे नखरे आहेत. आई म्हणे, अरबटचरबट खाल्लं असेल. मला मात्र कोडं पडे. धाकटीचं ओटीपोट टणक लागायचं, थोरलीचं तसं नव्हतं. हे असं का? पण सांगणार कशी? मला तोंड आहे, पण त्याला बूच असतं.

एकदा धाकटी कळवळली, लघवीही होईना. तिघी दवाखान्यात गेल्या, मी धाकटीच्या पोटाशीच होते. डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय? धाकटीने मला आणखी घट्ट धरलं. तेव्हा थोरली हळूच म्हणाली, "दर महिन्याला आमचं या पिशवीवरून भांडण होतं."

डॉक्टरबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तपासलं, सोनोग्राफी झाली.

"माझं काय चुकलं?" धाकटीने विचारलं.

"काहीच नाही गं," म्हणत त्यांनी मला उचललं. "हे बूच बघ. योनीमार्गाच्या तोंडाशी तुझा एक पडदा जन्मापासूनच बंद राहिलाय. पाळी तुला येतेय, पण रक्ताला बाहेर यायला वाट नाही. ते आतच साठतंय. छोटं ऑपरेशन करून वाट मोकळी करू."

आईने चाचरत पुढच्या आयुष्याचं विचारलं. काळजी करू नका, वेळेवर आणलंत, असं त्या म्हणाल्या. थोरलीला रडू आवरेना. मलाही फार वाईट वाटलं. इतके महिने मी नुसती शेकत राहिले होते.

ऑपरेशननंतर धाकटीला पाळी आली. थोरलीने मला भरलं, हाताने ऊब पाहिली आणि म्हणाली, "आधी तू घे."

"आज भांडायचं नाही का, ताई?"

आता माझं रबर तडकलंय. मित्रांनो, माझ्यासारखी नवी पिशवी जरूर वापरा, वाळवून टांगा. पण दुखणं फिरून फिरून येत असेल, तर तिच्यावरच भागवू नका. मोठ्यांना सांगा. तुमच्या तोंडाला बूच नाही.