नादमणी आणि नमुन्याची दाढ

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, दिवाणखान्यात पंधरा-वीस मोठी माणसं हात वर करून उभी होती. शेजारचे वकील, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, खालच्या मजल्यावरचा न्हावी आणि सगळ्यांच्या पुढे माझी आत्या. कुणी बंदूक रोखलेली नव्हती. रेकॉर्ड प्लेअरवर आत्याची व्यायामाची जुनी रेकॉर्ड लावली होती आणि सुई एकाच जागी अडकून म्हणत होती, "हात वर, हात वर, हात वर."

"ऐकलंत?" नादगुरू म्हणाले. अंगात जांभळा मखमली झगा, दाढीला तेल. "हे यंत्र बोलत नाही. यंत्रात शिरलेली बाधा बोलते आहे."

मग त्यांनी खिशातून नादमणी काढला. काळा, वाटाण्याहून जरा मोठा, खालून सोयीस्कर सपाट. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत त्यांनी तो सुईच्या डोक्यावर ठेवला, आणि रेकॉर्ड सुरळीत पुढे सरकून म्हणाली, "आता हात सावकाश खाली." सगळे हात खाली आले. आत्याने डोळे पुसले. तिच्या खांद्यांनाही बरं वाटलं असावं.

मी दातांची डॉक्टर. दवाखान्यातून थेट आले होते, हातात बॅग आणि डोक्यात राग घेऊन. व्यायामाची रेकॉर्ड ही नुसती तालीम होती. खरी रेकॉर्ड अप्पांच्या मांडीवर होती, आईची.

मामाकडे एकेक रेकॉर्ड कोरणारं यंत्र होतं. त्याने एकदा ते घरी आणून आईची अंगाई कोरून घेतली. आईचा आवाज जगात तेवढाच उरला आहे. ती असताना गाणं संपलं की लगेच सुई उचलायची, पुढे काही नाही म्हणायची. ती गेल्यावर अप्पा रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकू लागले, आणि शेवटी त्यांना कण्हण्यासारखा आवाज यायला लागला. आत्याला एवढं पुरे झालं. ती नादगुरूंना घेऊन आली.

"ताईंचा जीव शेवटच्या खोबणीत अडकलाय," नादगुरू म्हणाले. "मण्याखाली ही रेकॉर्ड तीनदा वाजली की सुटका."

"अप्पा, ती रेकॉर्ड मऊ आहे. एवढ्या ओझ्याखाली किसून निघेल."

"ती कण्हते गं," अप्पा म्हणाले. "मी रोज ऐकतो. तिला तसं ठेवून मी झोपू कसा?"

मला रडू येत होतं, आणि रडले असते तर नादगुरूंनी त्याचाही चमत्कार केला असता. इतक्यात कुठून तरी जळका वास आला.

"बाधा जळते आहे," नादगुरू शांतपणे म्हणाले. सगळ्यांनी भक्तिभावाने वास घेतला.

"आधी एकदा माझा मणी लावून बघू," मी म्हणाले. बॅगेतून रोग्यांना दाखवायची धातूची दाढ काढली, तिला चिमूटभर मेण लावलं, नादमणी उचलून बाजूला ठेवला आणि व्यायामाची रेकॉर्ड पुन्हा लावली. "हात वर, हात वर." सगळ्यांनी निमूटपणे हात वर केले. मी सुईच्या डोक्यावर दाढ चिकटवली.

"आता हात सावकाश खाली," रेकॉर्ड म्हणाली.

आत्या दाढेकडे टक लावून बघत होती. "ही कुणा थोर पुरुषाची दाढ आहे का गं?" तिने हळूच विचारलं.

"नमुन्याची आहे, आत्या. कारखान्यात बनते."

"मला एखादी मिळेल का?" वकिलांनी विचारलं. वकील शिकलेले आहेत, हे मुद्दाम सांगते.

मग मी सगळ्यांना जवळ बोलावलं. सुईच्या दांडीला मागच्या टोकाला एक फिरवायचं वजन असतं. ते मागे घेतलं की सुई हलकी होते आणि रेकॉर्डवर टेकण्याऐवजी उड्या मारते. मग तिच्या डोक्यावर दगड ठेवा, दाढ ठेवा नाहीतर शर्टाचं बटण ठेवा, ती खाली बसणारच. अप्पा उगाच चाळा करतात म्हणून आईने त्या वजनावर नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका काढला होता. ठिपका वर असला की वजन बरोबर. आज तो पार खाली गेला होता.

"काल यंत्राची शुद्धी करायला कोण आलं होतं?" मी विचारलं.

कोपऱ्यातला जाड चेला नादगुरूंकडे बघू लागला. "तुम्ही सांगितले तेवढेच वळसे दिले मी," तो म्हणाला. "जास्त नाही फिरवलं."

मी तोंडात घालायचा छोटा आरसा सुईखाली धरला. टोकाला काळा भुगा साचला होता. "अप्पा, ही आत्याच्या रेकॉर्डची साल. पुढचा नंबर आईचा होता."

माझ्या संशयामुळे मण्याचं तेज गेलं, असं म्हणत नादगुरू उठले. मणी त्यांच्याआधी चेल्याने खिशात घातला.

"पण कण्हणं?" अप्पा म्हणाले. "ते तर याआधीपासून आहे."

आरशात तेही दिसत होतं. सुई ज्या छोट्या डबीत बसते ती कार्ट्रिज आई गेल्यावर अप्पांनी स्वतः बदलली होती, अंदाजाने. ती तिरकी बसली होती. तिरकी सुई बाहेरच्या खोबणीत कशीबशी निभावते, पण आत जावं तशी खोबण लहान आणि दाट होते, आणि शेवटी आवाज फाटतो. सरळ बसवायला रेघांचा एक कागद कार्ट्रिजच्या खोक्यातच मिळतो. अप्पांनी त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"म्हणजे ती कण्हत नव्हती?"

"नाही अप्पा. सुई कण्हत होती."

अप्पांनी दिवा धरला. मी सुई पुसली, स्क्रू सैल केले, चिमट्याने कार्ट्रिज हळूहळू फिरवून रेघांना समांतर आणली आणि पुन्हा आवळली. लाल ठिपका वर घेतला. अप्पांनी स्वतःच्या हाताने आईची रेकॉर्ड लावली.

आई गायली. शेवटच्या कडव्यापर्यंत आवाज स्वच्छ होता, तिने श्वास घेतलेलासुद्धा कळत होता. गाणं संपलं. अप्पांनी डोळे मिटले. जिथे ते कण्हणं यायचं, तिथे आई म्हणाली, "झालं ना? अहो, गॅस बंद केलात का?"

अप्पा ताडकन उठून स्वयंपाकघरात धावले. नादगुरूंच्या घशासाठी त्यांनी दूध तापत ठेवलं होतं. दूध आटून गेलं होतं, पातेल्याचा कोळसा झाला होता, आणि बाधा कशाची जळत होती ते सगळ्यांना कळलं. अप्पा पातेलं हातात घेऊन परत आले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, घाबरूही नका. हेच काम बटणाने होतं का, एवढं करून बघा. आणि त्याआधी गॅस बंद आहे का ते बघून या.