ड्राय फोर्कची पहिली बाई

प्रभा देवस्थळीने अमेरिका कधी पाहिली नव्हती. तरी दर शुक्रवारी सकाळी ती आखाती वाळवंटातल्या शुऐबाच्या कारखान्यामागे उभी राहून लोकांना अमेरिकेतलं एक गाव फिरवून दाखवायची.

गाव भिंतीवर होतं. त्याचं असं झालं, की कारखान्याचे मॅनेजर हॉबर्टसाहेब वायोमिंग नावाच्या प्रांतातल्या ड्राय फोर्क नावाच्या एवढ्याशा गावचे. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, गावाला शंभर वर्षं होत होती. जगभर पसरलेल्या सुपुत्रांनी असतील तिथे गावाचा वारसा साजरा करावा, असं नगरपालिकेने कळवलं. जगभर पसरलेले सुपुत्र म्हणजे एकटे हॉबर्टसाहेब. बाकीचे सगळे गावातच होते.

साहेबांनी मनावर घेतलं. कारखान्यामागच्या कॉलनीत वाळू येऊ नये म्हणून बांधलेली एक लांबलचक भिंत होती, तिच्यावर ड्राय फोर्कचा मुख्य रस्ता रंगवायचा ठरला. रंगवायला गफूर. हा दापोलीखालच्या खाडीकाठचा माणूस, शेजारच्या फहाहील गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. आणि लोकांना दाखवायला प्रभा, कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स.

"मी कशाला साहेब? मी सांगलीची."

"सिस्टर, तुम्ही इंजेक्शन देताना अशा काही गोष्टी सांगता, की सुई कधी गेली ते कळत नाही," साहेब म्हणाले. एवढी पात्रता पुरली.

साहेबांच्या आईने गावाचे चार जुने फोटो पाठवले होते. बँक, दारूचा गुत्ता, चर्च आणि घोड्यांना पाणी पाजायची डोणी. गफूरने ते हुबेहूब उतरवले. पण चार फोटोंत भिंत कितीशी भरणार? पाऊण भिंत कोरीच राहिली. साहेब उन्हाळ्याच्या रजेवर निघाले होते, पाय गाडीत टाकता टाकता म्हणाले, "पुढे असंच चालू दे."

गफूरने पुढे असंच चालू दिलं. असंच म्हणजे गाव. आणि गाव म्हटलं की त्याच्या हाताला एकच गाव ठाऊक होतं. डोणीनंतर जांभ्याची घरं आली. घरांना पडव्या आल्या. मग फणसाचं झाड, रहाटाची विहीर, दोरीवर वाळत घातलेले बोंबील, आणि शेवटी खाडी, खाडीत होड्या. ड्राय फोर्कपासून समुद्र हजार मैल लांब होता, पण ते गफूरला कोणी सांगितलं नव्हतं.

प्रभाला पहिल्या शुक्रवारी धक्काच बसला. समोर शाळेची मुलं उभी.

"मिस, व्हॉट इज दॅट?" एका मुलीने बोंबलांकडे बोट दाखवलं.

आता काय सांगणार? प्रभाने पदर खोचला. "हे गाव वसवायला लोक निघाले ना, तेव्हा वाटेत खायला बरोबर सुके मासे घेऊन निघाले. पोचले तेव्हा उरलेले वाळत घातले."

"अँड द सी?"

"समुद्र त्यांच्यामागून आला. सवय झाली होती त्याला."

मुलं खूश. पुढच्या शुक्रवारी त्यांचे आईबाप आले. एका महिन्यात तिने फणसाला ड्राय फोर्कचं राष्ट्रीय फळ केलं आणि विहिरीवर दोन घराण्यांचं तीस वर्षांचं भांडण लावून दिलं. घरी तिचे यजमान लक्ष्मीकांत, सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायचे, ते तिला चिडवायचे.

"गाव पाहिलंस तरी का कधी? खुशाल इतिहास सांगतेस!"

"तुम्ही रोज लोकांचं रक्त बघता. त्यांच्या अंगात जाऊन आलात का?"

साहेब रजेवरून आले, आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून आले. त्यांनी गाव सोडलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते. "फणस... होता का आमच्याकडे?" त्यांनी प्रभालाच विचारलं.

"तुम्ही लहान होता साहेब," प्रभा म्हणाली.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण डिसेंबरात कळलं, की ड्राय फोर्कच्या नगराध्यक्षीणबाई पिकेट जगाच्या सहलीवर निघाल्या आहेत आणि वाट वाकडी करून भिंत बघायला येणार आहेत. साहेबांची झोप उडाली. त्यांनी पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन मोठे डबे मागवले, हातगाडीवर ठेवले आणि गफूरला बजावलं. पिकेटबाईंच्या मागून ही गाडी चालवायची. बाई जिथे नाक मुरडतील, तेवढं तिथल्या तिथे पांढरं करायचं. गावाची इज्जत आहे.

त्या दिवशी दुपारी गफूर दवाखान्यात आला. बोटाला नुसता ओरखडा होता.

"एवढ्याला पट्टी लागत नाही गफूरभाई. काय झालं ते बोला."

तो स्टुलावर बसला. "सिस्टरबाई, ती पडवीतली बाईमाणूस आहे ना? सूप घेऊन तांदूळ निवडते ती."

प्रभाला माहीत होती. हिरव्या बांगड्या, डोक्यावर ओढणी, कोणीतरी काहीतरी म्हणालं म्हणून हसू फुटलेलं, आणि त्या हसण्यात एक दात दुसऱ्यावर चढलेला. साऱ्या भिंतीवर एवढं एकच माणूस जिवंत वाटायचं.

"ती माझी असमा."

प्रभाने कापूस खाली ठेवला.

"दोन वरसं झाली तिला जाऊन. तार आली तवा माती पण झालेली. कफील, ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो अरब मालक, गावाला, पासपोर्ट त्याच्या कपाटात, मी जाणार कसा? तिचा एकपण फोटो नाय बघा. फोटोवाला गावात आला तर ही माजघरात दडून बसायची. हाताने काढायला बघितली, पन्नासदा. कागदावर येतच नव्हती. त्या दिवशी भिंतीवर आली, आपसूक, दातासकट." त्याने बोट तोंडात धरलं. "परत येयाची नाय. आणि साहेब सांगतोय, पांढरी कर. माझ्या हातानं."

"साहेबांना सांगायचं होतं मग."

"काय सांगू? तुमच्या गावात माझी बायको बसलीय?"

प्रभाने त्या ओरखड्याला एवढी मोठी पट्टी बांधली, की हात मोडल्यासारखा दिसायला लागला. "ब्रश धरता येणार नाही असं बांधलंय," ती म्हणाली. "पण साहेब दुसऱ्याच्या हातात देतील हो ब्रश. बघू."

पिकेटबाई आल्या त्या दिवशी गार वारं सुटलं होतं. बाई सत्तरीच्या, उंच, पायात पुरुषी बूट, गळ्यात झटपट फोटो काढून हातात देणारा कॅमेरा. मागे हॉबर्टसाहेब, त्यांच्या मागे हातगाडी ढकलत पट्टीवाला गफूर, आणि त्यांच्या मागे तमाशा बघायला सगळी कॉलनी. लक्ष्मीकांतसुद्धा रजा काढून आले होते.

बाई बँकेपुढे थांबल्या. नाक मुरडलं.

"ही बँक उजव्या हाताला कशी?"

साहेबांनी घाम पुसला. आईने फोटो धुवून घेतले होते ते उलटे छापले गेले होते. बँक, गुत्ता, चर्च, सगळं गाव आरशात बघितल्यासारखं.

"आणि गुत्ता तर माझ्या आजोबांनी जाळला होता," बाई म्हणाल्या. "त्याची चित्रं काढत नाही आम्ही."

साहेबांनी हळूच डब्याकडे बोट केलं. खरंखुरं गाव पाच मिनिटांत बाद झालं होतं, मग पुढच्याचं काय होणार?

पण जांभ्याच्या घरांपाशी बाईंची चाल मंदावली. "हा भाग?"

"जुनं गावठाण," प्रभा म्हणाली. फणस सांगितला, विहिरीचं भांडण सांगितलं. भांडणाशी बाईंनी मान डोलावली. "हे मात्र खरं आहे. आमच्याकडे अजून चालू आहे." बोंबलांपाशी त्या अस्वस्थ झाल्या, खाडीकडे लांबून संशयाने बघितलं. आणि मग पडवीपुढे येऊन थांबल्या.

"ही कोण?"

हातगाडीचं चाक करकरायचं थांबलं. प्रभाने मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला बोलता आलं नसतं.

"ही गावातली पहिली बाई," ती म्हणाली. "तुमचे पुरुष घोड्यांवरून आले, तेव्हा ही तिथे आधीच बसलेली होती. तांदूळ निवडत. तिने विचारलं, जेवलात का? ते नाही म्हणाले. म्हणून ते थांबले, आणि म्हणून गाव झालं. नाहीतर पुढेच जाणार होते."

"आमच्या पुस्तकात हिचं नाव नाही."

"पुस्तक कोणी लिहिलं?"

"पुरुषांनी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी साहेबांकडे वळून असा काही आवाज लावला, की कॉलनी दोन पावलं मागे सरली. "हॉबर्ट! शेजारच्या बेकर्स रिजला संस्थापक बाई आहे. पुतळा आहे तिचा. चाळीस वर्षं ते आम्हाला हिणवताहेत. आणि आमची इथे वाळवंटात बसलीय, हे मला कोणी सांगितलं नाही?"

"मी... लहान होतो," साहेब म्हणाले.

"नाव काय हिचं?"

आता प्रभाला वळावंच लागलं. गफूर दोन्ही डब्यांवर हात ठेवून उभा होता, झाकणं कोणी उघडू नयेत म्हणून असावं.

"असमा," प्रभा म्हणाली, आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

"वेगळंच नाव आहे."

"जुनं आहे."

पिकेटबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. खटका झाला, खालून चौकोनी कागद जिभेसारखा बाहेर आला. बाईंनी तो वाऱ्यावर हलवला आणि सगळे माना लांब करून बघत राहिले. आधी नुसता धुकट करडा रंग, मग हिरव्या बांगड्या, मग ओढणी, सगळ्यात शेवटी दात.

"चित्रकार कोण? तू? हाताला काय झालं तुझ्या?" बाईंनी दुसरा फोटो काढला आणि पहिला गफूरच्या पट्टीत खोचला. "हा तुला. हिला पुसायची नाही, कळलं?"

गफूरला काहीच कळलं नसावं. तो एवढंच म्हणाला, "सिस्टरबाई, आतमध्ये दडली नाय बघा. पयल्यांदा."

डबे मागवलेच होते, तर वाया जाऊ नयेत म्हणून साहेबांनी बँक, गुत्ता, चर्च आणि डोणी पांढरी करून घेतली. पुढच्या शुक्रवारपासून प्रभाची फेरी फणसापासून सुरू व्हायला लागली.

पुढच्या वर्षी ड्राय फोर्कहून एक रंगीत पोस्टकार्ड आलं. मुख्य रस्ता, बँक डाव्या हाताला, आणि बँकेपुढे दगडी चौथऱ्यावर बसलेली ब्रॉन्झची असमा. खांद्यांवर आणि सुपात बर्फ साचलेला.

गफूरने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. बांगड्या कमी होत्या, दात मात्र जागेवर होता.

"एवढ्या थंडीत बसवली गे तिला," तो प्रभाला म्हणाला. "शाल तरी द्यायची होती. लिवा तसं त्यांना."

प्रभाने लिहिलं.