चामड्याच्या पट्टीचे माप

जोतीरामला ते काम अकराशे रुपयांना मिळाले, आणि मिळाल्याबद्दल सुटी कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाने त्याचे अभिनंदन केले. त्याने मागितले होते साडेचार हजार. पण तिथल्या लिलावाची रीत अशी, की विकणाऱ्यांनी एकमेकांना खाली ओढावे आणि घेणाऱ्याने शांतपणे बघत राहावे. चौतीस जण बोलीला उतरले होते. जोतीराम दर वेळी आकडा उतरवी, आणि दर वेळी पडद्यावर हिरवा बाण उगवून कळवी, 'तुमची संधी वाढली आहे.' माणसाचे मोल उतरले की त्याची संधी वाढते, हा सिद्धान्त मांडणाऱ्याला कुठल्या तरी विद्यापीठाने सुवर्णपदक दिले असणार, याविषयी त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत त्याने एकोणीस वर्षे ड्रॉइंगे काढली होती. मालक बदलले, ड्रॉइंगचा विभाग 'बाहेर दिला' गेला, आणि जोतीरामही त्याबरोबर बाहेर आला. आता शिवाजी पेठेतल्या भाड्याच्या खोलीत तो, एक संगणक, आणि जगभरचे अदृश्य ग्राहक. या ग्राहकाला एका पंपाच्या जुन्या कागदी ड्रॉइंगवरून संगणकी मॉडेल हवे होते.

त्याने फाइल उघडली आणि हात थांबला. अक्षर त्याचेच होते. नावाच्या चौकटीवर पांढरा रंग फासला होता. साताला मधून रेघ मारण्याची त्याची खोड मात्र जागच्या जागी होती.

याचा त्याला राग आला नाही. त्या कागदाचा पगार त्याला पंधरा वर्षांपूर्वीच पोचला होता. राग आला तो ग्राहकाच्या शेवटच्या ओळीचा : 'मॉडेल थेट ओतकामाला जाईल. ते ओतकामास निर्दोष असल्याची हमी याच रकमेत समाविष्ट.'

ते निर्दोष नव्हते. पंपाचा गळा जिथे जाड कडेला मिळतो, तिथला कोपरा त्याने टोकदार काढला होता. लोखंड निवताना नेमके तिथेच तडके. पहिल्या वीस नगांपैकी अकरा तडकले होते. मग एकाएकी तडकणे थांबले, कारण लाकडी साचे करणाऱ्या पिराजीने साच्याच्या त्या कोपऱ्यात चामड्याची पट्टी चिकटवून तो गोल केला. ड्रॉइंग दुरुस्त करायचे तर चूक कबूल करावी लागली असती. म्हणून कागद चुकीचा राहिला आणि माल बरोबर निघत गेला. वार्षिक समारंभात निर्दोष ड्रॉइंगबद्दल शाल जोतीरामच्या खांद्यावर पडली. त्याने ती घेतली.

त्याने ग्राहकाला कळवले, ड्रॉइंगमध्ये दोष आहे, दुरुस्तीचे तीन हजार वेगळे पडतील. उत्तर लगेच आले : 'हमी समाविष्ट आहे. असहकार केल्यास मूल्यांकनात तशी नोंद होईल.' जोतीरामचे हे तिथले चौथे काम. एका वाईट नोंदीने तो यादीच्या अशा पानावर गेला असता, जिथे कोणी पोचत नाही. दुरुस्ती देणे भाग होते, आणि पट्टीचे माप त्याला ठाऊक नव्हते.

पिराजी मागच्याच गल्लीत राही. जोतीराम दारात पोचला तेव्हा म्हातारा एका फळीला रंधा मारत होता.

"या की साहेब! आज वाट चुकली व्हय?"

"मामा, त्या पंपाच्या साच्याला तुम्ही पट्टी चिकटवायचा की. कितीची गोलाई हुती?"

"कशाला पायजे?"

जोतीरामने सगळे सांगितले. अकराशेचा आकडा आला तसा त्याचा आवाज चढला. "वीस वर्षांचा अनुभव ह्यांना फुकट पायजे! मागताना जनाची न्हाय, मनाची न्हाय."

"न्हायच," पिराजी म्हणाला. "त्यात माझं किती?"

"आँ?"

"तुला अकराशे. मला किती?"

जोतीराम हसला. पिराजी हसला नाही.

"पाच डाव साचा बदलला म्या. चामडं चप्पलवाल्याकडनं आणलं, सोताच्या पैशानं. शाल तुला घातली तवा टाळ्या बी वाजिवल्या. तू कधी घराकडं फिरकला न्हाईस. आज आलास, ते बी माप न्यायला." त्याने रंध्यातली ढलपी फुंकून काढली. "आठ मिलिमीटर. जा घिऊन. फुकट द्यायची सवय हाय मला."

परत येताना जोतीरामच्या मनात ग्राहकासाठी घडवलेली धारदार वाक्ये तशीच होती. फक्त त्यांतले एकही आता एकट्या ग्राहकाला लागू पडत नव्हते.

त्याने मॉडेल पुरे केले, कोपरा कागदावर होता तसाच टोकदार ठेवून, आणि सोबत लिहिले : 'असे ओतल्यास गळ्यापाशी तडा जाईल. उपाय ज्ञात आहे. तो पिराजी या साचे करणाऱ्या कारागिराचा आहे. त्याचे मानधन तीन हजार, त्याच्याच नावे. त्याविना हमी देता येत नाही.'

तासाभराने उत्तर आले. ग्राहक उदार निघाला : कारागिराला खुशीने दोनशे रुपये बक्षीस देण्याची त्याची तयारी होती. जोतीरामने नकार कळवला. काम रद्द झाले, अकराशे परत गेले, नावापुढे पाचांपैकी एकच तारा उमटला, आणि तेच काम पुन्हा बोलीला लागले. दुपारपर्यंत आकडा सहाशेवर आला होता. बोली लावणाऱ्यांपैकी कोणाला तो कोपरा दिसला असेल का, हे कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळी तो पुन्हा पिराजीकडे गेला.

"मिळालं न्हाय, मामा. तुमचं बी आणि माझं बी."

"माझं कशात हुतं?"

"मी मागितलं हुतं. तुमच्या नावानं."

पिराजीने रंधा खाली ठेवला. "आणि माप दिलंस?"

"न्हाय."

"मग बस," पिराजी म्हणाला. "त्या कोपऱ्याला आधी चार डाव काय काय केलतं, ते सांगतो तुला. लिहून घे. वर माझं नाव घाल पयलं."