मिठाचा हात

माझ्या हातचे लाडू फुटत नाहीत. टोरोंटोतल्या निम्म्या मराठी घरांनी ते खाल्लेत आणि वाखाणलेत. त्यामुळे शेजारच्या कॉन्चेत्ताने मी वळलेला पहिला मीटबॉल उचलून ताटलीत टाकला आणि तो ठक्क वाजला, तेव्हा मला रागच आला.

“हा कोणाच्या डोक्यात मारायला केलास?” तिने विचारलं.

ब्याऐंशी वर्षांची बाई. उभा जन्म कॅनडात काढला तरी इंग्रजी बोलायची ते इटलीतल्या तिच्या गावच्या सुरात. माझ्या इंग्रजीत ठाणं डोकावतं, म्हणून आमचं छान जमायचं. गोमांसाला हात लावणार नाही, असं मी आधीच बजावलं होतं. ती म्हणाली, आमच्या गावात गाय दुधाला आणि डुक्कर खायला. प्रश्न मिटला.

मग तिने मला रीतसर शिकवलं. शिळा ब्रेड दुधात भिजवून पिळायचा. खिमा कणकेसारखा मळायचा नाही, नुसता कालवायचा. तळवे ओले करून गोळा अलगद वळायचा. “मूठ आवळू नकोस, जयंती. तो कुठे पळून जात नाहीये.” आणि सगळे वळण्याआधी एक चिमुकला गोळा तळून मीठ बघायचं.

२००६च्या जुलैमध्ये इटली वर्ल्ड कपच्या फायनलला पोचली आणि आमच्या गल्लीत गाडीगाडीवर झेंडे लागले. फायनल रविवारी दुपारी होती आणि त्याआधी कॉन्चेत्ताकडे, दर रविवारसारखं, सगळ्या गोतावळ्याचं जेवण. सकाळी मी मदतीला गेले, तर ती खिम्याच्या परातीपुढे नुसती बसून होती.

“मागच्या दोन्ही रविवारी खारट झालं,” ती म्हणाली. “डीनो म्हणतो, आजही बिघडलं तर इथून पुढे रेस्टॉरंट. मा, यू आर टायर्ड, म्हणतो.”

डीनो तिचा थोरला. वाईट नाही, पण आईचं वय मोजत बसणारा.

“तू एक तळून चाखत नाहीस का?”

“चाखते गं.” तिने जीभ बाहेर काढून दाखवली. “हिवाळ्यात फ्लू झाला, तेव्हापासून हिला काही कळत नाही. डीनोला सांगितलं तर मला शेगडीपाशी उभी राहू देईल?”

मला भरून आलं. हे रविवार गेले तर या बाईकडे उरणार काय?

“तू चाख ना,” ती म्हणाली.

आली का पंचाईत? नुकतीच आषाढी एकादशी झाली होती. चातुर्मासात मी मांसमच्छी तोंडात घालत नाही. शिजवते, वाढते, खात नाही. हे ऐकून कॉन्चेत्ताने कपाळाला हात लावला.

“विलासला बोलावू?” मी विचारलं. विलास माझा नवरा.

“तो डीनोबरोबर बसून मॅच बघणार. पहिल्या हाफलाच सांगून टाकेल.”

खरं होतं. विलासच्या पोटात काही राहत नाही.

तेव्हा मला सुचलं. गणपतीचा नैवेद्य मी जन्मभर चव न घेता रांधत आले आहे. देवाच्या आधी चाखायचं नसतं. मीठ हाताच्या अंदाजानेच घालायचं आणि ते आजवर चुकलेलं नाही. डुकराच्या खिम्याला हा हिशेब लावल्याबद्दल गणपतीची मनातल्या मनात माफी मागितली, परातीवर नजर फिरवली आणि मीठ घातलं. कॉन्चेत्ताने छातीवर क्रॉसची खूण केली. गोळे आम्ही दोघींनी वळले. माझा एकही वाजला नाही.

टेबलावर सगळे बोलत होते, पण आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारातून फक्त डीनोकडे बघत होतो. त्याने एक खाल्ला. मग दुसरा घेतला. मग ब्रेडच्या तुकड्याने ताटलीतला सॉस पुसून घेतला.

“मा,” तो म्हणाला, “पुढच्या रविवारी वाइन मी आणतो.”

कॉन्चेत्ता मला ओढत आत घेऊन गेली आणि तिने माझ्या उजव्या तळव्याचा मुका घेतला. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

“किती घातलंस?” तिने कुजबुजत विचारलं.

“खरंच माहीत नाही गं.”

“बरं झालं,” तिने मिठाची बरणी माझ्या हातात दिली. “आता दर रविवारी तुला यावंच लागेल.”