काठाचं प्यादं

सासऱ्यांनी लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं, ते चहा पिता पिता. "इथं खेळायला माणूस नाही," ते म्हणाले आणि बशी पुसून ठेवली. लेकीकडे जावई होता. जावयाला बुद्धिबळ येत होतं. महिनाअखेरीस तो गाडी घेऊन येणार होता.

सूनबाई कपड्यांच्या कारखान्यात कटर होती. नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवायचा. पाहुण्यासारखा यायचा, पाहुण्यासारखाच झोपायचा. सासूबाई गेल्यापासून संध्याकाळचा दिवा सासरेच लावत. जिन्यात तिची पावलं वाजली की आधण ठेवत. चहा भिकार करत, पण करत. बाहेरून कुलूप काढून काळोखात चपला सोडायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. आता ती येणार होती.

"बाबा, मी शिकते की!"

"बुद्धिबळ म्हणजे कांदा चिरणं नव्हे."

"कांदा तुम्ही चिरता. मी कापड कापते."

हे खरंच होतं, म्हणून त्यांनी पट काढला. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं, आणि प्यादं पुढे गेलं की मागे येत नाही, एवढं सांगून ते थांबले.

"आणि सुरुवात कशानं करायची?"

"ती ज्याची त्यानं निवडायची. सुरुवातीवरूनच माणूस कळतो. उद्या निवडून ये."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं इस्त्रीवाल्या काकांना विचारलं.

"राजाचं प्यादं, दोन घरं पुढे," काका वाफेआडून म्हणाले. "मधली जागा धरायची, बस्स."

"वजिराचं," पलीकडून मास्तर म्हणाले. "राजाचं प्यादं उतावळ्यांचं."

"उतावळा कोण?" काकांनी विचारलं. "लग्नाच्या दिवशी घाईत डावा बूट उजव्या पायात घालून जे वरातीत निघाले, ते?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सुट्टीनंतरही नाही. संध्याकाळी मास्तरांची पँट इस्त्री होऊन आली, तेव्हा तिची पुढची घडी बाजूला पडलेली होती.

सूनबाई टेबलाशी उभी राहिली. पुढ्यात कापडाचा ताका उलगडलेला, निळा, संथ, वारा नसलेल्या पाण्यासारखा. काका आणि मास्तर, दोघंही मधल्या जागेसाठीच भांडत होते. पण एकदम मध्ये कात्री घालणाऱ्याला तिच्या धंद्यात कुणी उभं करत नाही. काठ धरायचा, काठापासून मोजायचं, मग आत शिरायचं. नाहीतर अंगात घातल्यावर कपडा पिळतो. आणि कापलेलं कापडही मागे येत नाही. तिची सुरुवात ठरली.

संध्याकाळी तिनं अगदी कडेचं, हत्तीपुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. मग पलीकडच्या काठाचंही.

सासरे पटाकडे बघत राहिले.

"हे काय?"

"काठ धरला."

"कशाचा?"

"पटाचा. आता आत येते."

ती आत यायच्या आत उंट आणि वजीर तिच्या राजाच्या दारात येऊन बसले होते. मात.

"आत येते म्हणे!" सासरे म्हणाले. "मांड परत."

सासरे वजनमाप खात्यात निरीक्षक होते. कुणाच्या दुकानात तराजूचा काटा कणभर कललेला दिसला, की तो सरळ होईपर्यंत ते तिथून हलत नसत. स्वतःच्या लग्नात हळद मोजायला आणलेला तराजू, काटा कलतो म्हणून, त्यांनी बाजूला काढायला लावला होता, असं सासूबाई सांगत. नोकरी संपली, तरी ही खोड गेली नव्हती.

रोज संध्याकाळी ती काठ धरी. रोज ते तिला मात देत आणि मग समजावत. मधली घरं का हवीत, घोडा आधी का काढायचा, राजा कोपऱ्यात कधी निजवायचा. समजावताना त्यांचा चहा गार होई, आवाज तापे. सासूबाईंनंतर दिवसाला चार शब्द बोलणारे सासरे आता भाजी निवडतानाही बोलू लागले. "काठ म्हणे, काठ," असं ते मेथीला सांगत.

आणि तिला कळत गेलं. महिना सरता सरता जेवणाच्या सुट्टीत तिनं इस्त्रीवाल्या काकांसमोर राजाचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, घोडे काढले, राजा कोपऱ्यात निजवला आणि काकांना हरवलं.

"मी मुद्दाम हरलो," काका म्हणाले.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. त्या दोघांचं बोलणं असं पुन्हा सुरू झालं.

जावई आला, तेव्हा बॅग दारात तयार होती. सासऱ्यांनी मात्र पट मांडला होता.

"बाबा, उन्हं चढायच्या आत निघू या," जावई म्हणाला.

"एक डाव. बैस गं. आज नीट सुरुवात कर, म्हणजे मी निर्धास्त जातो."

सूनबाई बसली. तिचा हात आपोआप राजाच्या प्याद्यावर गेला. बोटांना आता तिथली वाट ठाऊक झाली होती. एवढं एक प्यादं दोन घरं पुढे टाकलं की काटा सरळ. सरळ झाला की निरीक्षक उठणार, बॅग उचलणार. जिन्याखाली गाडी उभी होतीच.

हात तिथून उठला, पटावरून सरकत सरकत कडेला गेला. तिनं हत्तीपुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं.

सासऱ्यांनी आधी प्याद्याकडे पाहिलं, मग राजाच्या प्याद्याकडे, जिथे तिचा हात जरा जास्तच वेळ थांबला होता. मग तिच्याकडे.

"बघितलंत, जावईबापू?" ते म्हणाले. "हिला अशी टाकून कसा येऊ?"

"म्हणजे बॅग...?"

"आत ठेवा. आणि येताना आधण ठेवा. डाव लांबणार आहे."